कुमुदचा शेवटचा दगड

फिजिओथेरपिस्टने कुमुदचा डावा गुडघा दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवला, तसा आतून कर्र असा आवाज आला. तो दोघींनीही ऐकला. मग त्या मुलीने सांगितलं, की गादी झिजली आहे. चालणं-फिरणं खुशाल करा, पण पूर्ण वाकून बर्फावर घसरणं आता बंद. कुमुदने विचारलं, किती दिवस? मुलगी म्हणाली, कायमचं.

स्पर्धेला सात आठवडे उरले होते.

सिंगापुरातल्या यिशुन भागातल्या त्या दवाखान्यातून बाहेर पडून कुमुद मेश्राम बसस्टॉपवर बसली आणि तिने घरच्या दोन बस जाऊ दिल्या. वय सेहेचाळीस. नागपूरच्या इंदोऱ्यात वाढलेली. बर्फ म्हणजे तिच्या लेखी गोळेवाल्याकडचा. नवरा रघुवीर जहाजावर इंजिनियर, म्हणून त्याच्यामागे सिंगापुरात आलेली, आणि सेम्बावांगच्या एका शिपयार्डात पंप तपासायच्या नोकरीत रुळलेली. तिथल्याच एका कॅनडियन साहेबाने नऊ वर्षांपूर्वी स्केटिंग रिंकवर रविवारी सकाळी काही बायका गोळा करून त्यांना कर्लिंग शिकवलं होतं.

खेळ बघायला सोपा. वीस किलोचा ग्रॅनाइटचा दगड बर्फावरून सोडायचा, दोघींनी त्याच्यापुढे ब्रशने बर्फ घासत त्याला लांबवर न्यायचं, आणि पलीकडच्या रिंगणात मध्याच्या सगळ्यात जवळ ज्यांचा दगड, त्यांना गुण. डावपेच ठरवते आणि प्रत्येक डावातले शेवटचे दोन दगड टाकते ती स्किप, म्हणजे कप्तान. कुमुद पहिल्याच वर्षी स्किप झाली, कारण तिला बर्फाचा आवाज कळायचा. पंपाला कान लावून बेअरिंग कुठे खातंय ते सांगणारी ही बाई दगडाच्या घरघरीवरून तो कुठे थांबणार ते सांगायची. इथल्या दमट हवेने बर्फावर बारीक दव गोठतं आणि दगड मध्येच जड होतो. मैत्रीच्या सामन्यांना आलेले पाहुणे संघ नेमके तिथे फसायचे.

तरी दरवर्षीच्या आंतरराष्ट्रीय क्लब स्पर्धेत त्या बायका पहिल्या वेळी सहाच्या सहा सामने हरल्या होत्या. चौथ्या वर्षी कांस्य मिळालं. मग दोनदा रौप्य, दोन्ही वेळा हाँगकाँगच्या एकाच संघाकडून, एकेका गुणाने हरून. यंदा स्पर्धा पहिल्यांदाच घरच्या रिंकवर होती. आणि आता हा गुडघा.

क्लबचे व्यवस्थापक मिस्टर लिम भला माणूस. त्यांनी फार हळुवारपणे सुचवलं, की कुमुदने बाकावर बसून सल्ला द्यावा आणि शेवटचे दगड हुई मिनने टाकावेत. हुई मिन ही संघातली दोन नंबरची खेळाडू, पासिर रिसच्या शाळेत गणित शिकवायची. कुमुदने दोन दिवस विचार केला आणि लिमसाहेबांपुढे स्पर्धेचं नियमपुस्तक उघडून ठेवलं. काठीने दगड टाकायला परवानगी होती. टोकाला पकड असलेली ती लांब काठी दगडाच्या मुठीत अडकवायची आणि उभ्याने चालत दगड ढकलायचा. निवृत्त म्हातारे खेळतात तसं. कुमुद म्हणाली, तीन आठवडे द्या. मग हुई मिनने दहा टाकावेत, मी दहा टाकीन. माझे कमी जागेवर पडले तर मी आपण होऊन बाजूला होईन.

घरी भावनाने, तिच्या सतरा वर्षांच्या मुलीने, काठी पाहून सिंगापुरी इंग्रजीत नाक मुरडलं.

"आई, पीपल विल से आंटी लाह."

"मी आंटीच आहो," कुमुद म्हणाली. "खुशाल म्हणू दे."

पहिला आठवडा भयंकर गेला. नऊ वर्षं जे अंग सगळं वजन देऊन दगड सोडत होतं, त्याचं काम आता उभ्याने एकट्या मनगटावर येऊन ठेपलं होतं. दगड रिंगण ओलांडून भिंतीवर जाऊन आपटत. एकदा ती चेंजिंग रूममध्ये बूट न काढता बराच वेळ बसून राहिली. दुसऱ्या आठवड्यात तिच्या ध्यानात आलं, की खाली वाकताना कान दगडाजवळ असायचा, आता तो लांब गेलाय. पण काठीतून दगडाची थरथर थेट तळहातात येतेय. त्यानंतर ती हातमोजा न घालता टाकू लागली.

चाचणीत दोघींचेही सहा-सहा दगड जागेवर पडले. लिमसाहेब पेचात पडले. तेव्हा हुई मिननेच आपला ब्रश उचलला आणि म्हणाली, शेवटचा दगड तिचाच. मला दगड टाकता येतो, मला बर्फ कळत नाही.

अंतिम सामना पुन्हा हाँगकाँगशीच पडला. त्यांच्या स्किपने काठी पाहून पंचांना विचारलं, पंचांनी पुस्तक उघडून होकार दिला. ती मान लववून जागेवर गेली. प्रेक्षकांत कुणीतरी हसलं. रघुवीर आदल्या दिवशीच जहाजावरून उतरला होता. भावनाशेजारी जाड जाकीट घालून तो ताठ बसला होता.

आठव्या आणि शेवटच्या डावात पाच-पाच अशी बरोबरी होती आणि शेवटचा दगड कुमुदचा होता. हाँगकाँगचा एक दगड मध्यापासून हातभर अंतरावर, आणि त्यांचाच दुसरा बरोबर वाटेत आडवा. हुई मिनचं म्हणणं होतं, आडव्यालाच जोरात हाणावं, जोराच्या दगडाला दवाची पर्वा नसते. कुमुद लंगडत रिंगणापर्यंत गेली, बर्फाकडे पाहत उभी राहिली आणि म्हणाली, हळूच वळवून आत नेऊ.

"थांबला मध्येच, तर?" हुई मिनने विचारलं.

"तर मी चुकले. तू नाही."

ती परतली. काठी मुठीत अडकवली, सहा पावलं चालली आणि मनगटाला किंचित पीळ देऊन दगड सोडला. तो छान निघाला, जरा वेगातच वाटला. पलीकडून हुई मिनने हात वर करून घासणाऱ्या दोघींना थांबायची खूण केली. पण सोडताना काठीतून कुमुदच्या तळहाताला थरथर मंद लागली होती; पुढे दवात दगड जड होणार होता.

"घासा!"

घासणाऱ्या दोघींपैकी नूरुल नऊ वर्षांत एवढा एकच मराठी शब्द शिकली होती. ती आणि तिची जोडीदारीण दगडापुढे वाकल्या त्या सरळ झाल्याच नाहीत. अर्ध्या वाटेवर दगड जड झाला, रेंगाळला, आडव्या दगडाला वळसा घालून आत शिरला आणि मध्यावर येऊन थांबला. मोजायची गरजच पडली नाही. हाँगकाँगच्या स्किपने हातमोजा काढला आणि हात पुढे केला.

सहा-पाच. नूरुल बर्फावरच आडवी झाली, हुई मिन तोंडावर हात धरून रडत होती, आणि प्रेक्षकांत भावना खुर्चीवर उभी राहून कुणालातरी फोनवर सांगत होती, दॅट्स माय मदर.

बारा वाजता रिंक लोकांसाठी उघडायचं होतं. फाटकाशी पोरं स्केट्स घालून रांगेत उभी होती. दोन्ही संघांनी मिळून दगड पायाने ढकलत कडेला न्यायला सुरुवात केली. बघता बघता सगळे गेले, मधला तेवढा राहिला. कुणीच त्याला पाय लावला नाही. रिंकवाला घड्याळाकडे बघत होता.

कुमुद सावकाश मध्यापर्यंत गेली. दगडाच्या कडेला बूट टेकवला आणि एकेक पाऊल टाकत तो बाहेर नेऊ लागली. ती कडेला पोचेपर्यंत दोन्ही संघ वाट सोडून उभे होते. मग फाटक उघडलं.