तिच्यावाचून झालेली मिंगा

"घे गं, घोटभर तरी घे," म्हणत बर्तिलानं कंद आंबवून केलेल्या चिचेचा वाडगा नणंदेच्या हातात दिला. डेल्फिना कोका शहराहून आत्ताच होडीतून उतरली होती. पंपाचा एक सुटा भाग मिळवायला तिला तिथं आठवडाभर खेटे घालावे लागले होते. घशाला कोरड पडली होती. तिनं वाडगा एका दमात रिकामा केला.

"मस्त आंबलीय गं!"

"तूच तर कंद सोललेस," बर्तिला म्हणाली आणि घाईघाईनं चुलीकडे वळली.

पुढच्या घरातूनही वाडगा आला. पलीकडच्या म्हातारीनंही हाक मारून दिला. मग मात्र डेल्फिनाच्या मनात पाल चुकचुकली. निघण्याआधी तिनं बर्तिलाबरोबर बसून कंद सोलले होते, उकडले होते, आंबावेत म्हणून रीतीप्रमाणे चावून मडक्यात टाकले होते. घरच्या बारशासाठी, असं बर्तिला म्हणाली होती. पण बारशाला एवढी चिचा कोण करतं? गावभर पुरेल इतकी मडकी भरायची ती मिंगेसाठी, सगळ्यांनी मिळून एखादं मोठं काम उरकायचं असेल तेव्हा.

"कसली मिंगा होती गं आजी?"

म्हातारीला एरवी तोंड मिटता येत नसे. आता ती पायाच्या नखांकडे बघू लागली.

डेल्फिना तडक शाळेपाशी गेली. नदीकाठच्या गावांच्या संघटनेनं दिलेली सोलर पॅनेल छपरावर नव्हती. बॅटऱ्यांची खोली रिकामी होती. बोअरचं पाणी टाकीत चढवणारा पंप विजेवाचून मुका उभा होता आणि बायका नदीवरून घागरी आणत होत्या. तेलाची पाइपलाइन फुटून काळी झालेली तीच नदी. तिच्यात डुंबून भावाच्या पोराच्या अंगभर फोड उठले, ते धुवायला आत्या म्हणून डेल्फिनाच बसायची. त्यानंतर या वयात ती सोलरच्या वायरी जोडायला शिकली. लोक हसले, तरी शिकली.

तिचा भाऊ सेराफिन, गावाचा प्रमुख, मैदानात व्हॉलीबॉल खेळत होता.

"दादा, पॅनेल कुठायत?"

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत की! त्यांनीच उतरवली ना?"

सेराफिननं चेंडू दुसऱ्याकडे टाकला. "तेलकंपनीच्या बोटीतून गेली. कंपनी विजेची तार आणतेय, खांब टाकतेय. अट एकच, संघटनेचं सामान आधी काढा. तुझ्या सोलरवर साधा फ्रीज तरी चालतो का?"

"आणि तारेच्या बदल्यात काय?"

"दलदलीपलीकडे तेलाची विहीर. एकच."

"पहिलीही एकच होती, दादा. तार येईपर्यंत पोरांनी पाणी कुठलं प्यायचं?"

"येईल गं लवकर."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर छपरावर चढून बसली असतीस."

"बसलेच असते!"

"म्हणून तर."

तिला कंपनीचा राग आला नाही. कंपनीकडून तिनं कधी कसली आशाच धरली नव्हती. पण ज्यांनी ती पॅनेल होडीतून उतरवून गात गात वर वाहून आणली, त्यांनीच ती तशीच गात खाली नेली होती, आणि त्यांच्या घशाखाली गेलेली चिचा तिच्या हातची होती. सख्ख्या भावजयीनं तिच्याकडून ती गोड बोलून करून घेतली होती. हे मात्र तिला फार लागलं.

"तुझ्या घरावरचं पॅनेल कुणाला हात लावू दिलं नाही हं मी," सेराफिन उपकार केल्यासारखा म्हणाला.

डेल्फिना घरी गेली. शिडी लावून वर चढली आणि आपलं एकुलतं एक पॅनेल तिनं पाना फिरवून सुटं केलं. त्यावर पंप फार तर भर उन्हात चालला असता, पण पिण्यापुरतं पाणी वर आलं असतं. दोरीनं बांधून, पट्टा कपाळाला अडकवून तिनं ते पाठीवर घेतलं. तिचं घर आता अंधारात राहणार होतं.

मैदानातला खेळ थांबला. कुणी जागचं हललं नाही. शेवटी सेराफिनच धावत आला आणि त्यानं मागून पॅनेलचा भार उचलून धरला.

डेल्फिना थांबली. त्यानं हात काढेपर्यंत ती समोर बघत उभी राहिली. मग पट्टा कपाळावर नीट बसवून शाळेकडे चालू लागली.