उजेडबाबाची बॅटरी

जयराम परबाच्या अंगणात चपला काढायला जागा उरली नव्हती. गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. पार्शे गावात तेव्हा वीज होती, पण तिच्या मर्जीनं. म्हणून घराघरात खुंटीला एक लांबट बॅटरी टांगलेली असे. उजेडबाबाकडेही तसलीच होती. फरक एवढाच, की तिच्यात त्यानं कैक वर्षं नवे सेल घातले नव्हते. जिथं मुक्काम, तिथं रात्री दार लावून तो ती देवीच्या स्वाधीन करी. सकाळी बॅटरी ताजीतवानी. खोलीत विजेचा प्लग हवा, एवढीच देवीची अट असे.

जयरामच्या दोन गाई पाठोपाठ मेल्या होत्या. नजर कोणाची लागली, ते आज बॅटरी सांगणार होती: ज्याच्या हातात ती विझेल, त्याची. काजू वेचणाऱ्या बायांपासून पाव विकणाऱ्या पोदेरापर्यंत सगळे आत दाटीनं बसले. खिडक्या बंद.

"मी कोणाचं नाव घेत नाही," बाबा म्हणाला. "मी अडाणी माणूस. बॅटरी शिकलेली आहे."

कोपऱ्यात बसलेल्या रुक्मिणीबाईंना हसू आलं. निम्म्या गावाला मुळाक्षरं त्यांनी शिकवली होती. बॅटरीला कोणी शिकवलं, ते त्यांना पाहायचं होतं. पण समोर बसलेल्या शांताकडे नजर गेली आणि हसू विरलं. शांता जयरामची बायको, दोडामार्गाकडची. "बॅटरी इझली, तर तिका आजच माहेराक धाडतलंय," असं जयराम सकाळीच बोलून बसला होता. त्याची आई शेवंता बाबाला दोन दिवस चहाबरोबर सुनेच्या तक्रारीही वाढत होती.

एकेकानं बॅटरी धरली. "गाई गिळल्या त्या भुईवर, खाली उजेड पाड," बाबा सांगे. उजेड पडे. शेवंतेच्या हातात पडला, पोदेराच्या हातातही पडला.

शांताची पाळी आली. "तू घरची लक्ष्मी. तू वर, देवीकडे दाखव."

तिनं बॅटरी वर केली. काळोख झाला.

"मी म्हटलां नव्हतां?" शेवंता म्हणाली.

रुक्मिणीबाईंना मात्र आपल्या घरचं आढं आठवलं. भाचा कृष्णनाथ बहारीनहून विजेवर पुन्हा पुन्हा भरायचे सेल घेऊन आला होता. त्यांच्या बॅटरीत ते घातले, तर पायाखाली लख्ख उजेड. आढ्यावर काही सरपटलं म्हणून वर करावी, तर काळोख. म्हणजे त्यांचीही नजर वाईटच.

"जयराम, आता तू धर. वर."

"बाई, तुमी मदीं पडू नकात."

"पडले. धर."

त्यानं धरली. काळोख. खाली केली, उजेड. पुन्हा वर, पुन्हा काळोख. पोदेर खुदकन हसला.

"तुझीच नजर लागली म्हणायची," बाई म्हणाल्या. "गे शांता, खिडकी उघड."

"देवी कोपेल, माई," बाबा पुटपुटला.

"तिला प्लग लागतो, तेवढं बघू."

बाईंनी मागचं झाकण फिरवून सेल ओंजळीत घेतले. "हे भरायचे सेल. देवी नाही, रात्री वीज भरते यांना. आणि हे आपल्या नेहमीच्या सेलापेक्षा भाताच्या दाण्याएवढे आखूड आहेत. त्यात ही स्प्रिंग मेलेली. तोंड खाली केलं, की सेल घसरून बल्बला टेकतात, स्प्रिंग मागून जेमतेम लागून राहते. वर केलं, की आपल्याच वजनानं स्प्रिंग दाबून मागे बसतात, बल्ब सुटतो. सेल घेताना दुकानात बॅटरी न्यावी आणि घालून, उलटसुलट करून पाहावी. बाबांनीही पाहिलं असणार. पाहिलं, म्हणून तर हेच ठेवले."

बाबाच्याच सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद त्यांनी घडी करून स्प्रिंग आणि सेलाच्या मधे दाबला, झाकण लावलं आणि बॅटरी शांताच्या हातात दिली.

"वर धर."

आढ्यावरचं जळमटसुद्धा दिसलं. शांतानं ती खाली केली, आडवी केली, सासूच्या तोंडावर जरा जास्तच वेळ रोखली. उजेड हलला नाही. शेवंतेनं डोळ्यांवर पदर ओढला.

"गाई कशानं मेल्या, ते ढोरांच्या डॉक्टरला विचार, जयराम," बाई उठता उठता म्हणाल्या. "बॅटरी कशानं विझली, ते झाकण उघडून बघ. यातलं एकही उत्तर बायकोला माहेरी धाडून मिळायचं नाही. उघडून बघता येतं, ते आधी उघडून बघावं."

जयराम बायकोकडे न बघता म्हणाला, "डॉक्टराक बोलावन हाडतंय."

"थांबा," शांता म्हणाली. "आधी बाबांका त्यांची बॅटरी दिया. वाटेर काळोख होतलो."