घूला झऱ्याला निघाली तेव्हा

आदल्या संध्याकाळी वाळवंटातल्या सिवा गावाच्या गल्ल्यांतून ढोल फिरला. ढोलवाल्या बकरीनचा आवाज मुळातच फाटका, त्यात त्याला सर्दी. तरी कोपऱ्याकोपऱ्यावर थांबून तो ओरडत होता, "ऐका हो! उद्या उजाडताना घूला झऱ्याला निघेल. दारं लावा, लेकरं आत घ्या, गाढवंसुद्धा बांधून ठेवा. तिच्या नजरेला जो पडेल त्याचं तो बघून घेईल!"

तफीदा अंधाऱ्या खोलीत बसून ऐकत होती. घूला म्हणजे नवी विधवा, म्हणजे तीच. खजूर उतरवताना कमरेचा दोर तुटला, नवरा यूनुस झाडावरून पडला, आणि त्याच रात्री तिला पांढऱ्या कपड्यांत गुंडाळून या खोलीत बसवलं. नवरा गेलेल्या बाईच्या डोळ्यांत त्याचं मरण उतरतं. चाळीस दिवस तिला कुणी बघायचं नाही, तिने कुणाला बघायचं नाही, आणि मग झऱ्याच्या ऊन पाण्यात ते सगळं धुऊन टाकायचं. तोवर तिची पाच वर्षांची वर्दा धाकट्या जावेकडे, भिंतीपलीकडे. पोरीचा खोकला तफीदाला रोज ऐकू यायचा. हाक मारायची नाही म्हणून तिने तोंडात ओढणीचा बोळा कोंबून रात्री काढल्या.

तिला जेवण आणून द्यायची ती फक्त मसऊदा खाला. म्हातारीचे तीन नवरे जाऊन पार माती झाले होते. "मला कुणाची नजर लागायची गं?" ती म्हणायची. "लागली तर त्या नजरेलाच जुलाब होतील."

ढोल लांब गेल्यावर दारापलीकडून जाऊ बोलली. हमीदा तिचं नाव.

"ताई, उद्या न्हाऊन आलात की पोरगी तुमची. पण त्याआधी तिच्यावर तुमची नजर पडली, तर आत्ताच सांगून ठेवते, परत द्यायची नाही मी. एक पुरलाय मी, ताई."

हमीदा दुष्ट नव्हती. मागच्या थंडीत ती विहिरीवर होती, ढोल तिच्या कानावर आला नव्हता, आणि लोहाराची विधवा समोरून गेली. त्याच आठवड्यात हमीदाचं अंगावरचं पोर तापाने गेलं. तिला कोण समजावणार? आणि तफीदा तरी काय समजावणार, तिचाही त्यावर तेवढाच विश्वास होता. "नाही पडणार नजर," एवढंच ती म्हणाली.

सकाळी मसऊदा खाला तिचा हात धरून निघाली. थंडी अशी की श्वासाची वाफ होत होती. गावात चिटपाखरू नव्हतं. ज्यांच्या लग्नात तफीदाने रात्रभर भाकऱ्या भाजल्या, ज्यांची बाळंतपणं काढली, त्या सगळ्यांची दारं आज तिच्यासाठी बंद. एका दारामागे रडणाऱ्या मुलाचं तोंड कुणीतरी हाताने दाबलं, ते तिला कळलं. मेलेल्या माणसाला निदान खांदा द्यायला लोक येतात. हिच्या वाट्याला एक आंधळी व्हायला आलेली म्हातारी, तीही कुरकुरत चालणारी.

गल्ली वळसा घेऊन हमीदाच्या घराच्या मागच्या अंगाला आली आणि वरून हाक आली.

"आई!"

तफीदाचा पाय जागीच थांबला.

"आई, मी इथे गच्चीवर! वर बघ ना! तुझ्यासाठी खजूर ठेवलाय मी, मोठ्ठा! कुणाला दिला नाही!"

इतक्या दिवसांत तफीदाने या हाकेखेरीज दुसरं काही मागितलं नव्हतं. मान आपोआप वर निघाली होती. हनुवटी हलली तेवढ्यात तिला हमीदाचं पोर आठवलं, फडक्यात गुंडाळलेलं, वीतभर. तिने दोन्ही हातांनी ओढणी गळ्यापर्यंत खाली ओढली आणि चालायला लागली.

"आई! अगं मी आहे, वर्दा!"

आपण कोण ते आई विसरली असं पोरीला वाटलं असणार.  तफीदा ठेचकाळली, पण थांबली नाही. मागे जिन्यावर धावणारी पावलं आणि हमीदाची किंकाळी ऐकू आली, "बघितलं का तिने तुझ्याकडे? खरं सांग! बघितलं का?"

"नाही बघितलं!" पोरगी हमसून रडत होती. "एवढ्या हाका मारल्या तरी नाही बघितलं!"

"चल," खाला म्हणाली. "पाणी जवळच आहे आता."

झरा खजुरीच्या बागांपलीकडे होता. त्याच्यापुढे खारी जमीन आणि मग नुसती वाळू. दगडी काठाच्या गोल कुंडात तळातून बुडबुडे येत होते आणि वर वाफ धरली होती. लग्नाच्या आदल्या दिवशीही ती याच पाण्यात उतरली होती. तेव्हा काठावर मैत्रिणी फिदीफिदी हसत होत्या, आणि कुमारपणाची गळ्यातली चांदीची चकती तिने काढून धाकट्या बहिणीच्या गळ्यात घातली होती.

"पाण्याला काय," खाला पाठ चोळत म्हणाली, "नवरी नि रांडव सारखीच. रडायचं तर इथेच रड. घरी जाऊन रडलीस तर लोक म्हणतील, नीट धुतली नाही म्हातारीने."

पाणी ऊन होतं. यूनुस गेल्यापासून तिच्या अंगाला पहिल्यांदाच काहीतरी ऊन लागलं, आणि ती मनसोक्त रडली. मग तिने डोकं बुडवलं आणि पाण्याखाली डोळे सताड उघडे धरले. खाऱ्या पाण्याने डोळ्यांची आग आग झाली. तरी ती परत परत बुडत राहिली, शेवटी खालाने केसांना धरून तिला वर ओढलं.

"अगं, नजर धुवायची असते, डोळे फोडायचे नसतात!"

"आता घरी चल," तफीदा म्हणाली. खालाने बरोबर आणलेले रंगीत कपडे तिने ओल्या अंगावरच चढवले.

येताना दारं उघडी होती. बायका उंबऱ्यावर येऊन म्हणत होत्या, "काय तफीदा, बरी आहेस ना?" जणू बाई माहेरून आली होती. ती कुणाशी बोलली नाही. हमीदा दारातच होती. तिने तफीदाला मिठी मारली आणि रडत कानात म्हणाली, "वर बघितलं नाहीत, ताई. जन्मभर विसरायची नाही मी. जा, आत आहे. सकाळपासून शितालाही शिवली नाही."

वर्दा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. तफीदा तिच्याजवळ टेकली.

"वर्दा, आले मी. बघ की माझ्याकडे."

पोरीने दोन्ही हात डोळ्यांवर दाबून धरले.

"अगं, आता काही होत नाही. न्हाऊन आले मी."

"माहितीये मला."

"मग बघत का नाहीस?"

"तू बघितलंस?"

मी बघितलं असतं तर तू मेली असतीस, हे पाच वर्षांच्या लेकराला कसं सांगायचं? सांगितलं तर ती आईच्या डोळ्यांना जन्मभर भिईल, न सांगावं तर हे असं. लालबुंद डोळ्यांनी तफीदा लेकीचे केस, मान, चिमुकले कान बघत राहिली, आणि तिला ओढून कुशीत घ्यायचा तिला धीर झाला नाही.

डोळ्यांवर दाबलेल्या एका मुठीत खजूर होता. तो चिरडून कपाळाला चिकटला होता, मनगटावरून रस खाली आला होता. वर्दाने तो खाल्ला नव्हता, टाकला नव्हता, आणि आईला दिलाही नाही.