मोठी व्हायच्या आत

माझा आवाज दोंडाईचा डेपोत प्रसिद्ध आहे. वीस वर्षं एसटीत कंडक्टर आहे, आणि या वीस वर्षांत सगळ्यात जास्त वेळा तोंडातून गेलेला शब्द कोणता, तर आत. आत सरका, मावशी आत या, दारात काय आरती ओवाळायची आहे का. हा शब्द माझ्याच कानांना एकदा ऐकू आला नाही, आणि त्याची शिक्षा माझ्या पोरीला झाली.

साक्षी माझी एकुलती एक. ती दोन वर्षांची असताना तिची आई गेली. तेव्हापासून घरात आम्ही तिघंच: मी, ती आणि माझी आई द्रौपदाबाई. पोरीचा खालचा जबडा मागे राहिलेला. वरचे दात पुढे, खालचा ओठ त्यांच्याखाली दबलेला, हनुवटी कुठे संपते आणि गळा कुठे सुरू होतो ते कळायचं नाही. शाळेत तिला पोपट म्हणायचे. फोटो काढताना ती हनुवटीखाली मूठ धरायची. आमच्या घरातले फोटो पाहिले तर कुणालाही वाटेल, ही पोरगी कायम कसल्या तरी मोठ्या विचारात असते.

साडेनऊ वर्षांची असताना तिला धुळ्याला, देवपुरात चेलना मॅडमच्या दातांच्या दवाखान्यात नेलं. मॅडमनी प्लास्टरचा एक जबडा दाखवला. त्याच्यावर गुलाबी प्लेटचे दोन तुकडे, एक वर, एक खाली. तोंड मिटलं की त्या तुकड्यांच्या उतारावरून खालचा जबडा आपोआप पुढे सरकायचा. वर्षभर, अगदी जेवतानासुद्धा, घालून ठेवायची. साक्षीने तो जबडा हातात घेऊन दहा वेळा उघडमीट केली. मॅडम म्हणाल्या की आज थोडं लवकर होतंय. मग समोर पुरुषमाणूस, बाहेर बाकावर पेशंट बसलेले, म्हणून आवाज उतरवून जरा आडून बोलल्या.

"मोठी व्हायच्या आत आणा. उशीर नको."

मी ऐकलं ते एवढंच, मोठी. आणि मला ते पटलंही. वाढत्या पायाला भारीतले बूट कोण घेतं? घरी येऊन आईला सांगितलं, डॉक्टर म्हणतात मोठी होऊ द्या. आता 'मोठी होणं' म्हणजे काय हे आमच्याकडे बायकांना विचारावं लागत नाही. पाळी आली की पोर मोठी झाली. आईने अर्थ बरोबर ओळखला आणि नातीलाही समजावून सांगितला. मॅडमच्या मनातला अर्थ त्या दोघींना नेमका कळला होता. फक्त आधीचं मी नंतर करून ठेवलं होतं.

साक्षी वाट पाहू लागली. बाकीच्या मुली त्या दिवसाला भितात, ही मात्र आजीच्या मागे लागायची की मी कधी मोठी होणार. साडेअकरा वर्षांची झाली आणि दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी मी ड्युटीवरून आलो तर ही दारात उभी. हनुवटीखाली मूठ नाही, तोंड भरून हसू. आई घरातून म्हणाली, "आते पोर मोठी व्हयनी. दवाखानामा लई जाय." मी पेढे आणले.

त्यातही मी अतिशहाणा. म्हटलं, नुकतीच तर झाली आहे, जरा पक्की होऊ दे. एक उन्हाळा लग्नसराईच्या जादा गाड्यांत गेला, दुसरा माझ्या आळसात. या जूनमध्ये नेलं तेव्हा तिला तेरावं पूर्ण झालं होतं.

वाढ किती उरली ते कळावं म्हणून मॅडमनी हाताचा एक्स-रे काढायला लावला. तो आल्यावर उजेडात धरून पाहिला आणि साक्षीला बाहेर बसायला सांगितलं. या वेळी आडून नाही, सरळच विचारलं, पाळी कधी सुरू झाली? मी म्हटलं, दीड वर्षाच्या वर झालं. त्यांनी एक्स-रे खाली ठेवला. हाडांची वाढ संपत आली आहे, म्हणाल्या. आता प्लेट दिली तर दात थोडे हलतील, हनुवटी पुढे येणार नाही. अठरानंतर ऑपरेशन, जबड्याचं हाड कापून.

"मी आत म्हटलं होतं, भाऊ. दोनदा फोनही लावला."

सिमकार्ड मी बदललं होतं. त्यांच्याकडच्या जुन्या केसपेपरवर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, पाळीआधी आणणे. तिथेच स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. बाहेर साक्षी तो प्लास्टरचा जबडा मांडीवर घेऊन बसली होती. मी तो तिच्या हातून काढून टेबलावर ठेवला.

दोंडाईच्याची गाडी गच्च भरलेली. ओळखीचा कंडक्टर, म्हणून आम्हाला दोन सीट मिळाल्या. तो ओरडत होता, आत सरका, आत. मला ते ऐकवेना. नरडाणा मागे पडल्यावर साक्षीने विचारलं की प्लेट कधी देणार. मी सांगितलं, देणार नाहीत, वेळ गेली.

"डॉक्टर चुकल्या ना, पप्पा?"

हो म्हणणं सोपं होतं. मॅडम काही गाडीत नव्हत्या.

"नाही," मी म्हटलं. "त्यांनी मोठी व्हायच्या आत आणा म्हणून सांगितलं होतं. मी नीट ऐकलं नाही."

तिने डोक्यात हिशेब जुळवला असावा. रडली नाही, रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"आणि मी त्या दिवशी किती खूश झाले होते," ती म्हणाली.

मग तिने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि सवयीने मूठ हनुवटीखाली धरली.