पाच-नऊ, निरोप मिळाला

आमच्या ह्यांच्या क्लबात कामाची माणसं किती, हे विचारू नका. टोप्या मात्र सगळ्यांकडे आहेत. निळ्या, पुढे सोनेरी दोऱ्याने विजेची रेघ भरलेली. रेडिओवरून बोलायचा सरकारी परवाना मिळवलेली ही हौशी मंडळी. कुणी दातांचा डॉक्टर, कुणी विमा एजंट, कुणी निवृत्त मुख्याध्यापक. अध्यक्ष म्हणजे माझा नवरा. आमचं टाइल्सचं दुकान नोकर चालवतात आणि हे गच्चीवरच्या खोलीत बसून जगाच्या दुसऱ्या टोकाला हाका मारतात.

आणि बोलतात काय? हे विचारतात, "मी कसा ऐकू येतोय?" पलीकडचा म्हणतो, "छान. मी कसा ऐकू येतोय?" हे म्हणतात, "तुम्हीही छान." संपलं. दोघंही कृतकृत्य. मग हे खाली येतात आणि जेवताना सांगतात, आज अमक्या देशाशी बोललो. काय बोललात, असं मी विचारणं कधीच सोडून दिलंय.

छान म्हणायचीही त्यांची एक भाषा आहे. पाच-नऊ. पहिला आकडा शब्द किती स्पष्ट त्याचा, दुसरा आवाज किती मोठा त्याचा. पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. आता हा आकडा खरं तर ऐकून ठरवायचा. पण कुणाला कमी गुण देणं म्हणजे घरी आलेल्या पाहुण्याला तू का आलास विचारण्यासारखं, अशी ह्यांची समजूत. म्हणून सगळे सगळ्यांना पाच-नऊच देतात. "तुम्ही पाच-नऊ आहात, फक्त नाव परत सांगा, ऐकू आलं नाही," हे वाक्य मी माझ्या या कानांनी ऐकलंय. म्हणणाऱ्याला त्यात काहीही वावगं वाटलं नव्हतं.

परवाना माझ्याकडेही आहे. क्लबाच्या नोंदणीला एक डोकं कमी पडत होतं, म्हणून ह्यांनी मला परीक्षेला बसवलं. मी पास झाले तर म्हणाले, या वर्षी प्रश्न सोपे होते. तेव्हापासून क्लबात माझं काम दोन: चहा करणं आणि टोप्यांची उसवलेली शिवण घालणं.

गरज पडली तर लष्कराच्या मदतीला धावायचं, असं या क्लबाचं लष्कराशी ठरलेलं होतं. दर वर्षी त्याचा सराव व्हायचा. सराव म्हणजे छाती पुढे काढून फोटो. आणि मग एके दिवशी खरोखरच गरज पडली. पावसाने डोंगराची एक कड खाली आली, तिच्याबरोबर लष्कराचा मनोरा आला, आणि वरच्या चौकीशी असलेला संपर्क तुटला. त्या चौकीवर मोजकी माणसं होती. त्यांतला रेडिओवाला म्हणजे माझा धाकटा भाऊ.

मी देवापुढे दिवा लावला. ह्यांच्या चेहऱ्यावर मात्र घरात कार्य निघाल्यासारखं तेज.

गावातल्या व्यायामशाळेत टेबलं मांडली. छतावर ह्यांची अँटेनाची अजस्र तार चढली. सकाळी एक मेजर आला, दाढीसुद्धा न केलेला, डोळे तांबारलेले. टोप्या घातलेली आमची मंडळी रांगेत उभी राहिली, आणि विमा एजंटाने त्याला सॅल्यूट ठोकला. मेजरने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या जागी मी असते तरी दुसरं काही केलं नसतं.

तो म्हणाला, "माझ्याकडे हेलिकॉप्टर एकच आहे. चौकीचं काही कळत नसेल तर ते आधी तिकडे पाठवतो. तिथे सगळं ठीक असेल, तर पलीकडच्या खोऱ्यात लोक छपरांवर अडकलेत, त्यांच्याकडे पाठवतो. मला फक्त खरं काय ते सांगा."

हे बसले. कानांवर हेडफोन चढवले, बटण दाबलं, हाक दिली. मी चहाचा ट्रे घेऊन मागे उभी होते, ह्यांच्या पाठीकडे बघत. भाऊ काही तरी बोलत असणार, कारण हे बराच वेळ मान हलवत होते. मग बटण दाबून, ऐटीत म्हणाले, "पाच-नऊ! निरोप मिळाला, आभारी आहोत!"

"काय म्हणाले?" मेजरने विचारलं.

"सगळं ठीक आहे, साहेब. आवाज तर असा, जणू शेजारी बसलाय. माझा मेव्हणाच आहे तो."

माझ्या जिवात जीव आला, हे कबूल करते. हेलिकॉप्टर पलीकडच्या खोऱ्याकडे गेलं. दातांच्या डॉक्टरने टाळ्या वाजवल्या.

दुपारी कुणी मोठा अधिकारी येणार अशी बातमी आली, आणि सगळा क्लब बाहेर रांग कशी लावायची यावर भांडायला गेला. मुख्याध्यापकांचं म्हणणं उंचीप्रमाणे, एजंटाचं म्हणणं वर्गणी भरल्याच्या क्रमाप्रमाणे. रेडिओ एकटाच खरखरत होता. मी हेडफोन लावले. वाटलं, भावाचा आवाज तरी ऐकू.

खरखर. नुसती खरखर, आणि तिच्या तळाशी माणसाच्या आवाजासारखं काहीतरी. शब्द एकही लागेना. कान फुटेपर्यंत आवाज वाढवला, तेव्हा "श्वास" एवढं कळलं. पुन्हा खरखर.

मी बाहेर जाऊन ह्यांना दंडाला धरून आत आणलं. "सकाळी पण असंच येत होतं का?"

"असंच म्हणजे... थोडं इकडे तिकडे."

"तुम्हाला एक तरी शब्द कळला होता का?"

हे टोपी नीट करायला लागले. "अगं, लष्कराचा माणूस समोर उभा. त्याच्यासमोर ऐकू येत नाही म्हणायचं? क्लबाची काय शोभा राहिली असती? आणि पाच-नऊ म्हणायची पद्धतच आहे. ते कुणी एवढं मनावर घेत नाही."

"आणि 'सगळं ठीक आहे' ही पण पद्धतच?"

"चौकीवरून रोज तेच तर सांगतात!"

या माणसाबरोबर मी इतकी वर्षं संसार केला. मला तेव्हा त्यांचा राग सुद्धा आला नाही, किळस आली. मी खुर्चीत बसले आणि हेडफोनची वायर काढून आवाज खोलीत मोकळा केला. आपला रेडिओ मोठा, तार मोठी, तेव्हा आपलं बोलणं त्याला पोचत असणार. त्याचं डबडं लहान, बॅटरी उतरलेली. शब्द नाही आला तरी शिट्टी येईल. लहानपणी गच्चीवरून तो अशी शिट्टी मारायचा की खालची कुत्री भुंकायची.

मी बटण दाबलं. "मी ताई बोलतेय. तुझं काही समजत नाहीये. 'हो' असेल तर एक लांब शिट्टी मार, नसेल तर दोन आखूड. तू बरा आहेस का?"

एक लांब शिट्टी. बारीक, पण एकच.

"दुसरं कुणी आजारी आहे?"

एक लांब.

"फार?"

शिट्टी इतकी लांबली की त्याचा दम संपला तेव्हाच थांबली.

मेजर दारात उभा राहून सगळं ऐकत होता. त्याने मला काही विचारलं नाही. ह्यांच्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता हात उगारतो. मग पळत फोनकडे गेला. हेलिकॉप्टर पलीकडच्या खोऱ्यातून परत फिरवलं, इंधन भरलं, ढग खाली उतरायच्या आत ते चौकीवर पोचलं सुद्धा. त्यांनी एका माणसाला स्ट्रेचरवर घातलं. चौकीचा स्वयंपाकी. त्याच्या फुप्फुसांत पाणी झालं होतं. तो वाटेतच गेला.

मोठा अधिकारी आला तेव्हा रांग उंचीप्रमाणेच लागली होती. ह्यांनी पुढे होऊन सांगितलं, आमच्या क्लबाने वेळेवर संपर्क साधला म्हणून हेलिकॉप्टर तरी जाऊ शकलं. त्याची लाज कशी कुणाला वाटली नाही, देव जाणे. अधिकाऱ्याने हात मिळवले. मेजर तिथे नव्हता.

पुढच्या आठवड्यात चौकीवरची माणसं बदलली आणि भाऊ खाली छावणीत आला. तिथून त्याने घरी फोन केला. हे सोफ्यावर बसून क्लबाच्या बातमीचं कात्रण चिकटवत होते. मी भावाला म्हटलं, "अरे, आम्हाला उशिरा कळलं रे. फार उशिरा."

तो म्हणाला, "उशिरा कसं, ताई? मी सकाळीच सांगितलं होतं. स्वयंपाक्याला श्वास घेता येत नाही, आजच्या आज न्या, असं तीनदा म्हणालो. दाजी म्हणाले, पाच-नऊ, निरोप मिळाला. मी त्याला सांगितलं, पोचलं बघ. तो म्हणाला, तुझ्याच घरची माणसं आहेत ना, मग येतीलच. मला म्हणाला, दाराकडे तोंड करून बसव. दुपारपर्यंत तो आकाशाकडे बघत होता. मला विचारत होता, अजून का आले नाहीत. मी काय सांगणार? मला वाटलं, तुम्हाला कळलंय आणि तुम्ही येत नाही."

मी ह्यांच्याकडे वळून पाहिलं.

"कोण, धाकटा का?" सोफ्यावरून ह्यांनी विचारलं. "काय म्हणतोय? आवाज नीट येतोय ना?"

मी भावाला म्हटलं, "थांब जरा. आत्ता मला जे सांगितलंस, ते सगळं पहिल्यापासून पुन्हा सांग." आणि फोन ह्यांच्या कानाला लावून धरला.