तळाशी राहिलेली चिठ्ठी

मी तिसरीच्या वर्गातली पेटी बोलतेय. सुरुवातीलाच सांगून टाकते, माझ्या पोटात भूत नाही. कपाटावरची धूळ पुसताना मुलं मला तिरपं करतात, तेव्हा आतून खुरखुर ऐकू येते, म्हणून ती तसं म्हणतात. ती खुरखुर एका कागदाची आहे. तो कागद गेली सव्वीस वर्षं माझ्यात अडकून पडलाय. ते फक्त मला माहीत आहे. जिने तो लिहिला, तिलासुद्धा माहीत नाही.

माझा जन्म मोडक्या बाकांतून झाला. शाळेत बाकं दुरुस्त करायला सुतार आला होता. त्याच्यापुढे एक दिवस तिसरीच्या बाई येऊन उभ्या राहिल्या. नोकरीला नुकत्याच लागलेल्या, आणि बोलता बोलता खडूने माखलेली बोटं रुमालाला पुसत राहायची सवय.

"मला एक पेटी करून द्याल? वरून फट आणि मागून दार. मुलांना जे तोंडाने सांगता येत नाही, ते लिहून टाकतील."

सुतार कामाला चोख होता, पण त्या दिवशी घाईत होता. तळाची फळी मागच्या बाजूला अर्धं बोट आखूड पडली.

"ही फट दिसतेय की," बाई म्हणाल्या.

"खालून अजून एक फळी ठोकतो, म्हणजे काही पडायचं नाही. कागदच टाकणार ना पोरं? धान्य थोडंच भरायचंय."

त्याने पट्ट्या लावून खाली दुसरी फळी ठोकली. अशी मी दोन तळांची झाले, आणि दोन तळांच्या मध्ये बोटभर पोकळी राहिली. पुढे जे घडलं त्याचं मूळ त्या अर्ध्या बोटात आहे असं मी कितीतरी वर्षं स्वतःला समजावलं. ते खरं नाही. फार तर निम्मं खरं आहे.

पहिलं वर्ष माझं फार चांगलं गेलं. मला खिडकीशेजारी ठेवलं होतं. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला की एकेक जण यायचं, इकडेतिकडे बघायचं आणि चिठ्ठी टाकून पळायचं. 'माझ्या दप्तराला रोज लाथ बसते.' 'मला खिडकीत बसायचंय पण मी कधी मागत नाही.' 'बाई, तुम्ही मला प्रश्नच विचारत नाही, मला उत्तर येतं.' एकदा कागदाच्या पुडीत एक दुधाचा दात आला. वर लिहिलं होतं, 'घरी कोणाला बघायला वेळ नाही.' बाईंनी तो दात हातावर घेऊन बराच वेळ बघितला.

बाई दर शुक्रवारी शेवटच्या तासाला मला उघडायच्या. नाव कोणाचं घ्यायचं नाही, वर्गात वाचून दाखवायचं नाही. पण सोमवारी बाकांच्या जागा बदललेल्या असायच्या, आणि न विचारलेल्या मुलीला प्रश्न विचारला जायचा. मुलांच्या ते लक्षात यायचं. मला कोणी हात लावला तरी जपून लावायचं. खोटं कशाला बोलू, मी थोडी चढून गेले होते.

मग मोठ्या सरांना माझं कौतुक वाटलं. मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. माणूस मनाने सरळ, पण प्रत्येक चांगल्या गोष्टीचा तक्ता झाला पाहिजे असा त्यांचा हट्ट. त्यांनी प्रत्येक वर्गात एक पेटी ठेवली आणि पोर्चमध्ये चांगल्या वागणुकीचा तक्ता लावला. शुक्रवारी ज्या वर्गाची पेटी रिकामी निघेल त्या वर्गाला पिवळा तारा. दहा तारे झाले की सहल.

"सर, रिकाम्या पेटीला तारा कसा द्यायचा?" बाईंनी चाचरत विचारलं. "मुलं लिहायचीच बंद होतील."

"अहो बाई, मुलं नीट वागली तर तक्रार येणारच नाही. तक्रारी कमी झालेल्या तुम्हाला नकोत का?"

नवी नोकरी होती. बाई गप्प बसल्या. मीही गप्प होते, पण माझ्या गप्प बसण्याला निदान कारण आहे.

तीन आठवड्यांत माझं पोट खपाटीला गेलं. कोणी माझ्याजवळ घुटमळलं की बाकीची मुलं म्हणायची, "ए, तारा जाईल हं." मॉनिटर मुलगी तर मधल्या सुट्टीत डबा घेऊन माझ्याशेजारीच बसायची. ती दुष्ट नव्हती. तिला फक्त सहलीला जायचं होतं. आणि दर शुक्रवारी बाई मागचं दार उघडून आत हात फिरवायच्या, हात रिकामाच बाहेर यायचा, आणि पोर्चमधल्या तक्त्यावर एक तारा वाढायचा.

आता तिच्याबद्दल सांगते.

ती खिडकीपासून तिसऱ्या बाकावर बसायची. हिरवा स्वेटर घालायची, उन्हाळा असो की काही असो. त्याची एक बाही मनगटापर्यंत होती आणि दुसरी कोपरापर्यंतच. आई विणत होती आणि विणून संपायच्या आत गेली. बापाने सुया काढून टोकाला गाठ मारली आणि तिच्या अंगात घातला. मुलं तिला 'अर्धी' म्हणायची. ती उत्तर देत नसे, फक्त आखूड बाही खाली ओढत राहायची. ती ओढली तरी खाली येत नाही हे तिलाही ठाऊक होतं.

तक्त्यावर नऊ तारे झाले होते. त्या बुधवारी खेळाच्या तासाला तिने स्वेटर काढून पायरीवर ठेवला. दोन मुलींनी गंमत म्हणून तो लपवला. कुठे लपवावा, तर मागच्या पाण्याच्या टाकीच्या झाकणावर. झाकण सरकलं आणि स्वेटर आत गेला. दोघी घाबरून पांढऱ्याफटक पडल्या. त्या वर्गात आल्या आणि माझ्यासमोरच त्यांनी ते मॉनिटरला सांगितलं. 'अर्धी' तेव्हा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं.

मॉनिटर तिच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "हे बघ, परवा दहावा तारा आहे. चिठ्ठी टाकू नकोस. सहलीहून आलो की आपण सगळ्या मिळून काढू. नक्की."

ती आपल्या बाकावर जाऊन बसली.

गुरुवारी ती नुसत्या फ्रॉकमध्ये आली. दोन्ही हात एकसारखे उघडे. बाईंनी विचारलं, "आज स्वेटर नाही?" सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. तिने मान हलवली. बाई म्हणाल्या, "बरं झालं, किती उकडतंय." बाईंना आनंदच झाला होता. पोरगी सावरतेय असं त्यांना वाटलं.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत मॉनिटर पाणी प्यायला गेली आणि ती आली. वहीच्या कोपऱ्याचा एक तुकडा तिने माझ्या अंगावर ठेवून लिहिला. पेन्सिल इतकी दाबून धरली होती की एकेक अक्षर माझ्या लाकडाला कळलं. बाहेर पावलं वाजली. तिने घाईघाईने कागदाची घडी घातली, मग घडीची घडी, मुठीत लपेल एवढी, आणि फटीतून सोडली.

नेहमीच्या चिठ्ठ्या मोठ्या असायच्या. त्या तळावर पडायच्या आणि तिथेच राहायच्या. ही नखाएवढी होती. ती मागच्या भिंतीला घासत खाली आली आणि त्या अर्ध्या बोटाच्या फटीतून दुसऱ्या तळावर गेली. मी जिवाच्या आकांताने आवळून घ्यायला बघितलं. पण लाकूड आवळतं ते वर्षांनी, क्षणात नाही.

शेवटचा तास आला. बाईंनी दार उघडलं, आत हात फिरवला. मी ओरडले. तुम्हाला खोटं वाटेल, पण माझी बिजागरी त्या दिवशी खरंच करकरली. बाई म्हणाल्या, "हिला तेल द्यायला हवं."

मग त्या वर्गाकडे वळल्या. "दहावा तारा. आपली पेटी रिकामी आहे. शाब्बास."

सगळा वर्ग नाचला. ती नाचली नाही. ती बाईंकडे बघत होती. बाईंची नजर तिच्यावर गेली आणि बाई तिच्याकडे बघून हसल्या. प्रेमाने हसल्या, मी साक्षीदार आहे. पण तिला काय दिसलं असेल? बाईंनी चिठ्ठी वाचली, पेटी रिकामी म्हणाल्या आणि वर हसल्या. मग सोमवार गेला, मंगळवार गेला, स्वेटर काही तिच्या हातात आला नाही.

त्यानंतर ती वर्गात बोलली नाही. हजेरीला नुसता हात वर करायची. दोनदा माझ्याजवळ आली, फटीत बोट घालून आत काही लागतंय का बघितलं आणि निघून गेली. सहलीच्या आदल्या दिवशी बाप येऊन दाखला घेऊन गेला. आत्याकडे राहायला नेतोय म्हणाला, दुसऱ्या गावाला.

सहलीहून आल्यावर मुली टाकीपाशी गेल्या, पण झाकण त्यांना उचललं नाही आणि धीरही झाला नाही. महिन्याभराने शाळेच्या मावशींनी टाकी धुवायला काढली, आणि पिळलेला हिरवा गोळा घेऊन वर्गात आल्या.

"बाई, हा त्या पोरीचाच ना?"

बाईंनी वर्गाला विचारलं. मग मॉनिटर रडायला लागली आणि तिने सगळं सांगितलं. बाईंनी तो ओला गोळा हातात घेतला.

"मग तिने मला का नाही सांगितलं? पेटी होती ना," त्या मावशींना म्हणाल्या. "मावशी, तिचा माझ्यावर विश्वासच नव्हता."

"तसं नका म्हणू बाई. लेकरूच ते."

मला तेव्हा फुटून जावंसं वाटलं.

बाई दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांच्या खोलीत गेल्या. या वेळी चाचरल्या नाहीत. तक्ता उतरला. नंतरच्या वर्षांत नव्या शिक्षिका आल्या की बाई त्यांना सांगायच्या, "पेटी भरलेली असली तर मी निवांत असते. रिकामी दिसली की मला धडकी भरते. मग मी एकेकाशेजारी जाऊन बसते." आणि त्या खरंच बसायच्या. कितीतरी मुलं त्या बसण्याने तरली. हे सगळं एका चिठ्ठीने केलं, जी कोणी वाचलीच नाही.

आत्याच्या गावी बाईंनी तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. तो स्वेटर वाळवून, घडी करून त्यांनी माझ्यात ठेवला आणि मला शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटावर चढवलं; वर्गात दुसरी पेटी आली. तेव्हापासून वर स्वेटर आणि खाली चिठ्ठी. मध्ये एक फळी. त्या स्वेटरचा एक कोपरा अजून ओलसर लागतो, भर उन्हाळ्यात सुद्धा. आणि शुक्रवारी शेवटच्या तासाची घंटा झाली की माझ्या फटीत एक बारीक बोट फिरतं. ते कोणाला दिसतं का, मी विचारत नाही. मला ते कळतं.

आज बाई निवृत्त झाल्या. केस पांढरे, पण बोटं अजून रुमालाला पुसतात. त्यांनी मला कपाटावरून उतरवलं, स्वेटर काढून पिशवीत घातला. मी तिरपी झाले तशी खुरखुर झाली.

"आत काय वाजतंय?" त्यांनी विचारलं.

"फळी सुटली असेल," नव्या मावशी म्हणाल्या. "सोमवारी सुतार यायचाय, त्याला देते. बाकांच्या पायांना लाकूड होईल."

बाईंनी माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि त्या गेल्या.

तेव्हा सोमवारी जो कोणी मला फोडेल त्याला माझी एकच विनंती आहे. बाबा, खालची फळी सावकाश काढ. भुशाबरोबर झाडून टाकू नकोस. नखाएवढी घडी आहे, उलगडताना फाटेल, जप. ती बाईंच्या घरी पोचव. त्यांचं घर शाळेत कोणीही सांगेल. त्यात पेन्सिलने लिहिलंय:

'बाई, माझा स्वेटर टाकीत पडलाय. तुम्ही एकट्या असताना काढून द्या. कोणी पाडला ते विचारू नका आणि पेटी रिकामीच होती म्हणा, नाहीतर सगळ्यांचा तारा जाईल. मी फक्त तुम्हाला सांगितलंय.'