छत्रीचं झाड

आमच्याकडे नाताळ सप्टेंबरात येतो. कधी ऑगस्टात, आणि एकदा तर भर मे महिन्यात घामाघूम होऊन आला होता. माझा मुलगा जहाजावर इंजिनखोलीत काम करतो. त्याला सुट्टी मिळेल तेव्हा आमचा सण, आणि डिसेंबरात त्याला कधीच सुट्टी नसते. पहिल्या वर्षी मी रडले, दुसऱ्या वर्षी चिडले, तिसऱ्या वर्षी म्हटलं, देवाचा मुलगा नेमका कोणत्या तारखेला जन्मला हे तसंही कुणी पाहिलेलं नाही. माझा कोणत्या तारखेला घरी येतो ते मला ठाऊक असतं. तो आमचा नाताळ.

मुलाला घरात सगळे ढब्बू म्हणतात. म्हणजे मीच म्हणते, घरात दुसरं आहे कोण.

लोक हसतात. हसोत बापडे. लोकांचं वरातीमागून घोडं असतं, माझं वरातीच्या आधी जाऊन उभं राहतं, एवढाच फरक. शिवाय लवकर केलेला सण स्वस्तात पडतो. ऐन सणाच्या तोंडावर दुकानदार मान कापतो, आणि तोच दुकानदार जूनमध्ये मागच्या वर्षीच्या मेणबत्त्यांवरची धूळ पुसून "न्या हो बाई एकदाच्या" म्हणतो. मी पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करते, त्यामुळे चमकीचं कापड, फिती, गोंडे यांना तोटा नाही. कापडाच्या ताग्याचा शेवटचा तुकडा कुणालाच नको असतो. केकसाठी बेदाणे दर महिन्याला मूठभर आणायचे आणि बरणीत संत्र्याच्या रसात भिजत घालायचे. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. मी तर अंथरूणही तुकडे जोडूनच शिवलेलं आहे.

आणि झाड. ढब्बूच्या वडिलांची लांब दांड्याची काळी छत्री त्यांच्यामागे पडून होती. ती वाळूच्या बादलीत दांड्यावर उभी करायची आणि अर्धीच उघडायची, की झाडाचा आकार आपोआप येतो. तिच्यावर मी हिरव्या कापडाच्या झालरी वरपासून खालपर्यंत शिवून टाकल्यात आणि तारांच्या टोकांना लाल गोंडे लावलेत. एकच मेख आहे. अर्धी उघडलेली छत्री स्वतःहून तशी राहत नाही. सरकती कडी खाली घसरते आणि झाड मिटून जातं. म्हणून कडीच्या खाली दांड्याला दोरीचे घट्ट वेढे द्यायचे. हे फक्त मला माहीत. ढब्बूनं ते झाड कधी उभं केलंच नव्हतं. तो यायचा तेव्हा ते तयार असायचं.

दुकानाचे मालक मला चिडवतात. "मावशी, एकदा दोन वर्षांचे नाताळ एकदम उरकून टाका, म्हणजे पुढच्या वर्षी सुट्टी."

"सुट्टी घेऊन करू काय?" मी म्हणते. "तुमचं तोंड पाहत बसू?"

मालक हसतात आणि हिरवा तुकडा काढून देतात. माणूस वाईट नाही.

या वर्षी ढब्बू सप्टेंबरच्या मध्याला आला. दारात उभा राहिला तेव्हा झाड तयार होतं, केक तयार होता, आणि मी तर केव्हाची तयार होते. त्याचं अंग भरलं होतं. जहाजावरच्या जेवणानं माणूस सुजतो, हे तसं नव्हतं. हे कुणीतरी आग्रह करून वाढल्यासारखं होतं. शर्टाचं एक बटण वेगळ्या दोऱ्यानं लावलेलं दिसलं, चारही भोकांतून फुलीचा टाका घालून. ढब्बू बटण लावतो तेव्हा दोन भोकं तशीच सोडतो, आळशी कुठला. मनात पाल चुकचुकली, पण मी कानाडोळा केला. बटणासाठी सण कोण नासवतं?

मेणबत्त्या लावल्या, प्रार्थना म्हटली, केक कापला. बाहेर लोक भाजीच्या पिशव्या घेऊन घरी चालले होते आणि आमच्या खोलीत नाताळ होता. मला ते नेहमी आवडायचं. चोरून काहीतरी खाल्ल्यासारखं वाटायचं.

"आई, पडदे शिवशील?" केकचा दुसरा तुकडा घेत त्यानं विचारलं.

"इथं? कशाला? माझ्याकडे झाकण्यासारखं आहे काय?"

"इथले नाही गं. एका मित्राच्या घरचे. जहाजावर बरोबर असतो. नवीन घर घेतलंय त्यानं."

"बरं. मापं सांग."

त्यानं तिन्ही खिडक्यांची तोंडपाठ सांगितली. स्वयंपाकघरातल्या खिडकीला अर्धाच पडदा, शेगडी जवळ आहे, कापड खाली यायला नको. झोपायच्या खोलीतल्या पडद्याला अस्तर लाव. "सकाळी ऊन डावीकडून सरळ डोळ्यावर येतं. झोपूच देत नाही."

"आणि तिसरी?"

"लहान खोली. तिला पिवळा. जमिनीपासून चांगला वर ठेव. ओढते ती."

"कोण ओढते?"

तो ताटलीतले केकचे कण बोटानं गोळा करायला लागला. "मित्राची मुलगी. लहान आहे."

माझा जन्म गेला पडदे शिवण्यात. लोक रुंदी सांगतात, उंची सांगतात, चुण्या किती ते सांगतात. मित्राच्या घरी सकाळचं ऊन कुठल्या बाजूनं डोळ्यावर येतं, हे कुणी सांगत नाही. ते ठाऊक असायला त्या पलंगावर झोपावं लागतं, आणि एकदा झोपून भागत नाही.

"कधी हवेत?" मी विचारलं.

"नाताळच्या आधी." मग घाईनं म्हणाला, "म्हणजे, त्यांना हवेत."

"आणि तू कुठे असशील तेव्हा?"

"समुद्रात. आणखी कुठे असणार?"

त्यानं माझ्याकडे न पाहता पाणी प्यायलं. लहानपणी काचेची बरणी फोडली होती तेव्हाही असंच प्यायला होता.

मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. अरे ढब्ब्या, संसार मांडलास आणि आईला पडद्यांची ऑर्डर देतोस? ओठांवर आलं होतं. पण विचारलं आणि त्यानं खरं सांगून टाकलं, तर पुढे काय? डिसेंबर दुसऱ्या कुणाचा होता, हे आता कळलंच होतं. सप्टेंबर तेवढा माझा होता. खोटं बोलायची गरज संपली, की इथं लवकर येऊन नाताळ करायची गरजही संपेल, अशी भीती मला वाटली. दुधाची तहान ताकावर भागवणाऱ्यानं ताकाचं भांडं लवंडायचं नसतं. मी मापं कागदावर उतरवून घेतली.

तो होता तेवढ्या दिवसांत पडदे शिवून झाले. मालकांनी कापड निम्म्या भावात दिलं आणि विचारलं, "मावशी, कुणाकडचं काम?"

"घरचंच," मी म्हणाले, आणि मशीन जोरात चालवलं.

पिवळ्या पडद्याला मी वरच्या पट्टीत दुहेरी शिवण मारली, आतून जाड फीत घातली. ओढते तर ओढू दे. खालच्या कडेला लाल गोंड्यांची रांग लावली, हाताशी येईल अशी. असं मी कुठल्या गिऱ्हाइकाला कधी केलेलं नाही. गोंडे लावताना मला ती पोर कशी असेल याचा विचार करायचा नव्हता, पण हात रिकामे नसले तरी डोकं रिकामंच असतं. ढब्बूसारखे बाहेर आलेले कान असतील का? की ती आधीपासूनच त्या घरात असेल आणि ढब्बू मागून आला असेल? पोराला पाठीवर धपाटा घालून विचारावं अशा गोष्टी मी सुईला विचारत होते.

निघायच्या दिवशी पडद्यांचं गाठोडं त्याच्या हातात दिलं. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, मी बादलीतून झाड उपटलं, दोरी सोडली, छत्री मिटली, आणि त्याच दोरीनं ती बाहेरून बांधली.

"हे पण ने. तुझ्या मित्राच्या मुलीला."

"आणि तुला?"

"माझा नाताळ झाला की."

तो उंबरठ्यावर थांबला. काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलंही होतं. मग म्हणाला, "गाडी चुकेल गं," आणि निघाला. जिन्यावर छत्रीचं टोक पायरीपायरीला आपटत खाली गेलं. दोरीचं मी त्याला सांगितलं नव्हतं. राहून गेलं की मुद्दाम राहिलं, देव जाणे.

मग डिसेंबर आला. डिसेंबराइतका लांबलचक महिना मी पाहिलेला नाही. दुकानात गर्दीनं नाकी नऊ आले. ज्याला त्याला सणाआधी नवे पडदे हवेत. मालक चिडवायचे विसरले, इतकं काम. संध्याकाळी रस्त्यावर दिवे, प्रत्येक दारावर काहीतरी टांगलेलं, जिन्यात चढत जावं तसा मजल्यामजल्याला वेगळा केकचा वास. दर वर्षी मी या दिवसांत मनाशी म्हणायची, तुमचं आता चाललंय, माझं कधीच झालं. यंदा ते म्हणवलं नाही. कोपऱ्यात वाळूची रिकामी बादली होती आणि तिच्यात दांड्याचं भोक तसंच राहिलं होतं. मला फार एकटं वाटलं. याला दुसरा शब्द मला शोधायचा नाही.

नाताळच्या दिवशी चर्चला जाऊन आले, भात टाकला आणि फोनपाशी बसले. त्या दिवशी ढब्बूचा फोन येतोच. जहाजावरून म्हणून नेहमी आवाज तुटतो, मागे काहीतरी घरघरत असतं, आणि दोन वाक्यांत तो ठेवतो. यंदा घरघर नव्हती.

"आई, नाताळच्या शुभेच्छा."

"तुलाही. समुद्र काय म्हणतो?"

"शांत आहे. जेवलीस का?"

"टाकलाय भात. तू?"

"अजून नाही, इथं अजून..."

तेवढ्यात मागून एक बारीक आवाज जवळ जवळ येत गेला. "बाबा! बाबा, झाड परत मिटलं! दर वेळी मिटतं!"

ढब्बूनं फोनवर हात ठेवला असावा, कारण सगळं बुडाल्यासारखं झालं. मला वाटलं, आता ठेवेल. आता हा फोन ठेवेल आणि पुढच्या सप्टेंबरात येणार नाही. आणि तोंडातून निघालं ते शिवणकामाची सूचना द्यावी तसं निघालं.

"तिला सांग, कडीच्या खाली दोरी गुंडाळायची. दांड्याला. घट्ट. नुसती उघडून राहत नाही ती."

मग फोन हातातून हातात गेल्याचा आवाज झाला, आणि माझ्या कानाशी कुणीतरी भराभर श्वास घ्यायला लागलं.

"कुठली दोरी?" तिनं विचारलं.

"छत्री बांधून आली होती ना, तीच. टाकली तर नाही?"

"ती माझ्या बाहुलीला बांधलीय."

"मग बाहुलीची सोड. आधी छत्री थोडीशी उघड. अर्धीच हं, पूर्ण नाही."

"अर्धी म्हणजे किती?"

"गोंडे तुझ्या नाकाशी येतील एवढी."

तिनं फोन कुठेतरी ठेवला. खुडबुड ऐकू आली, मग लांबून तिचा आवाज, फोनपेक्षा मोठा. "बाबा, फोनमध्ये कोण आहे?"

मी फोन कानावर इतका दाबला की कान दुखला.

"माझी आई," तो म्हणाला.

"मग ती तिकडे एकटी का आहे?"

याची उत्तरं माझ्याकडे पुष्कळ होती, वर्षावर्षाची साठलेली. पण पोर फोनवर परत आली, धापा टाकत म्हणाली, "दोरी मिळाली," आणि मी तिला पहिला वेढा कसा घ्यायचा ते सांगायला लागले.